रोप लावताना दोन मापं चुकवू नका: अंतर आणि खोली

लावलेलं रोप पहिल्या वर्षातच वाळलं की दोष पाण्यावर जातो. कधी पाणी खरोखरच कमी पडलेलं असतं. पण वाळलेलं रोप उपटून मुळं पाहिली तर बरेचदा वेगळंच दिसतं: मान (खोड आणि मुळं जिथे जुळतात तो भाग) मातीत चार बोटं गाडलेली, सोटमूळ तळाशी दुमडलेलं, किंवा भोवतालची माती ओली आणि मधली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा पिशवीतल्या मातीचा गोळा, मात्र कोरडीठाक. दुसरा प्रकार उशिरा कळतो. सहा-सात वर्षांनी झाडं एकमेकांत घुसतात, उजेडासाठी शेंडे वर पळतात, खालच्या फांद्या वाळतात आणि कुऱ्हाड कोणावर चालवायची हा प्रश्न उभा राहतो. पाणी आज कमी पडलं तर उद्या घालता येतं, खतही पुढच्या हंगामात देता येतं. खोली आणि अंतर मात्र लावण्याच्या दिवशीच पक्की होतात, म्हणून पुढचं सगळं या दोन मापांच्या भोवतीच आहे.

अंतर कशावरून ठरवायचं

हातातलं रोप हातभर असतं आणि मोकळी जागा मोठी दिसते. तिथेच फसायला होतं. अंतर ठरवताना समोरचं रोप विसरायचं आणि त्या जातीचं पूर्ण वाढलेलं झाड किती पसरतं हे आधी शोधायचं. रोपवाटिकेत विचारा, किंवा त्याच जातीचं जुनं, मोकळ्यावर वाढलेलं झाड पाहा. घेराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं मोजली तरी पुरेसा अंदाज येतो. फक्त ते झाड मोकळ्यावरचं हवं, कारण गर्दीतल्या झाडाचा घेर खरा नसतो.

झाडं सुटी, पूर्ण डोलाऱ्याची हवी असतील तर दोन झाडांच्या जातींचे निम्मे-निम्मे घेर मिळवा. एकाचा घेर १० मीटर आणि शेजाऱ्याचा ६ मीटर असेल तर ५ अधिक ३, म्हणजे खोडापासून खोडापर्यंत ८ मीटर. झुडपालाही हाच हिशोब: ८ मीटर घेराच्या झाडाशेजारी २ मीटर पसरणारं झुडूप ४ अधिक १, म्हणजे ५ मीटरवर. सावलीत तग धरणारी झुडपं याहून आत आणता येतात. फुलांसाठी लावलेली मात्र आणू नयेत, ती जगतात पण फुलत नाहीत.

झुडपांचा सलग ताटवा हवा असेल तर पूर्ण घेराऐवजी त्याच्या तीन चतुर्थांश अंतर ठेवा. दीड मीटर पसरणारी झुडपं सव्वा मीटरच्या आतबाहेर लावली की दोन-तीन वर्षांत एकमेकांना भिडतात आणि खालचं तण सावलीनेच आटोक्यात येतं.

उद्देश बदलला की आकडेही बदलतात. सरळ खोडाचं लाकूड हवं असेल तर मुद्दाम गर्दी करतात. २ × २ किंवा ३ × ३ मीटरवर लावलेली झाडं उजेडासाठी सरळ वर जातात, बाजूच्या फांद्या लवकर गळतात आणि खोडाला गाठी कमी राहतात. पण अशी लागवड पुढे विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढून टाकणं, करायचीच या हिशोबाने होते. विरळणी टाळली तर उंच, बारीक आणि वाऱ्याला न टिकणारी काटकी हाती येते. फळझाडाचं उलट असतं. फळ उजेड लागणाऱ्या फांदीवरच धरतं, त्यामुळे झाडाच्या चारी बाजूंना उजेड खालपर्यंत पोचला पाहिजे. अंतर कमी ठेवायचं असेल तर दरवर्षी छाटणी करून झाड आटोपशीर ठेवावं लागेल. ती तयारी नसेल तर मोठ्या अंतरावरच लावा.

दाट वनाची पद्धत याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत दर चौरस मीटरला साधारण ३ ते ४ रोपं, वेगवेगळ्या उंचीच्या स्थानिक जातींची मिसळ करून, ओळी न धरता लावतात. तिथे रोपांची स्पर्धा आणि त्यातून होणारी मर गृहीत धरलेली असते. ही पद्धत रान उभं करण्यासाठी आहे. त्यातली दाटी बघून अंगणात किंवा फळबागेत तशीच लागवड करू नये.

रोपं किती लागतील याचा हिशोब सोपा आहे. क्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्या आणि ओळींतलं अंतर गुणिले रोपांतलं अंतर यांनी भागा. हेक्टरी १०,००० चौरस मीटर धरले तर २ × २ मीटरला २,५०० रोपं, ३ × ३ ला १,१११, ४ × ४ ला ६२५, ५ × ५ ला ४०० आणि १० × १० ला १०० रोपं बसतात. चौरसाऐवजी त्रिकोणी मांडणी केली, म्हणजे प्रत्येक रोप शेजारच्या सगळ्या रोपांपासून सारख्याच अंतरावर ठेवलं, तर त्याच जागेत साधारण १५ टक्के रोपं जास्त मावतात. ५ मीटरच्या त्रिकोणी मांडणीत हेक्टरी सुमारे ४६० रोपं होतात. सपाट जमिनीवर मोठी लागवड असेल तर त्रिकोण फायद्याचा. ओळींतून यंत्र फिरवायचं असेल तर चौरस किंवा आयतच बरा.

भिंती, तारा आणि नळ यांच्याजवळ घेराचा हिशोब पुरत नाही. मोठं झाड इमारतीपासून निम्म्या घेरापेक्षा किमान एक-दोन मीटर लांब हवं. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर पूर्ण वाढून ४ मीटरच्या आत राहणारी जातच निवडा. नाहीतर दरवर्षी शेंडा छाटून झाड विद्रूप होतं आणि धोका टळत नाही तो नाहीच. जमिनीखालच्या पाइपांचं म्हणाल तर मुळं शाबूत पाइप सहसा फोडत नाहीत. सांध्यातून पाझर असला की त्या ओलीत ती शिरतात. तरी मोठ्या झाडाला पाइपापासून ५-६ मीटर लांब ठेवलेलं बरं, कारण दुरुस्तीसाठी खणताना मुळंच तुटतात.

योग्य अंतरावर लावलेली जागा पहिली चार-पाच वर्षं ओकीबोकी दिसते. तिथे अल्पायुषी झुडपं किंवा हंगामी पिकं घ्यावीत, पण काढायची कोणती हे लावतानाच नकाशावर खूण करून ठेवावं. मोठ्या झाडाच्या रोपापासून ती किमान एक मीटर लांब असावीत.

आखणी

आखणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. लांब, सरळ बाजू निवडून तिच्यावर सुतळी ताणा, ती आधाररेषा. तिला काटकोनात दुसरी रेषा काढायला गवंड्याचाच गुण्या वापरायचा: आधाररेषेवर कोपऱ्यापासून ४ मीटरवर खुंटी, दुसऱ्या रेषेवर ३ मीटरवर खुंटी, आणि दोन्ही खुंट्यांमधलं तिरकं अंतर नेमकं ५ मीटर भरलं की कोन काटकोन झाला. जागा मोठी असेल तर ६, ८, १० मीटर घ्या. माप जितकं लांब तितकी कोनातली चूक कमी.

खुंट्या मारताना प्रत्येक माप टेपच्या शून्यापासून घ्या. मागच्या खुंटीपासून पुढचं माप घेत गेलात तर दर वेळी दोन सें.मी.ची चूक साचत जाते आणि पन्नासाव्या खुंटीला ओळ एक मीटरने सरकलेली असते. त्रिकोणी मांडणीत ओळींमधलं अंतर रोपांतल्या अंतराच्या ०.८६६ पट येतं, म्हणजे ५ मीटरला ४.३३ मीटर. दर दुसरी ओळ निम्म्या अंतराने, अडीच मीटरने सरकवायची.

उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजू नका. टेप आडवा, पाण्याच्या पातळीत धरून मोजा. शंभर मीटरला तीस मीटर चढ असेल तर आडव्या ५ मीटरसाठी जमिनीवरचं अंतर ५.२२ मीटर होतं. ओळीही उताराला आडव्या, समपातळीत हव्यात. त्यासाठी तीन काठ्यांची इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट पुरते. तिच्या टोकापासून ओळंबा सोडायचा, दोन जागी पाय टेकवून दोरी आडव्या काठीवर कुठे येते ती खूण करायची, पाय उलटे करून पुन्हा खूण करायची, आणि दोन खुणांचा मध्य ही पातळीची खूण. दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी चौकट ‘चालवत’ ओळ आखता येते.

एक अडचण खड्डा खणताना येते. खुंटी खड्ड्याच्या मधोमध असते, ती काढली की जागा हरवते. यावर लागवडीची फळी हा उत्तम उपाय आहे. साधारण दीड मीटर लांबीची सरळ फळी घ्या. तिच्या मध्यावर एका कडेला खोड बसेल एवढी खाच करा आणि दोन्ही टोकांना एकेक भोक पाडा. फळीची खाच खुंटीला भिडवायची, टोकांच्या भोकांतून दोन बारीक खुंट्या जमिनीत ठोकायच्या, मग फळी आणि मधली खुंटी उचलून खड्डा खणायचा. टोकांच्या खुंट्या जागेवरच राहतात. रोप लावताना फळी परत त्या खुंट्यांवर बसवली की मधली खाच बरोबर मूळ जागा दाखवते, आणि फळीची खालची कड जमिनीची पातळी. खोड खाचेत धरायचं, मान फळीच्या कडेशी जुळवायची. दोन्ही मापं एकाच वेळी साधतात. एका फळीने दिवसभर लागवड होते, तरी ती फारशी कोणी वापरत नाही याचं वाईट वाटतं.

रोप कसं निवडायचं

उंच रोप बघून भुलू नका. मानेशी खोडाची जाडी मि.मी.मध्ये मोजा आणि रोपाच्या सें.मी.तल्या उंचीला तिने भागा. उत्तर ६ च्या आसपास किंवा कमी आलं तर रोप धट्टंकट्टं आहे. ४२ सें.मी. उंच आणि मानेशी ७ मि.मी. जाड, उत्तर ६, चांगलं. ७० सें.मी. उंच आणि ५ मि.मी. जाड, उत्तर १४, म्हणजे दाटीत, सावलीत लांबलेली काटकी. ती वाऱ्यात झुकेल आणि उन्हात करपेल.

मुळं बघितल्याशिवाय रोप घेऊ नका. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर पडून जमिनीत शिरली असतील, तर उचलताना तीच तुटतात. एखादं नमुन्याचं रोप पिशवीतून काढून पाहा. टोकाला पांढरी, ताजी मुळं हवीत. मुळं भिंतीलगत गोल फिरलेली असतील तर ते रोप पिशवीत जास्त काळ राहिलं आहे. वेढा बारीक मुळांचा असेल तर कापून सुधारतो, पेन्सिलीएवढ्या जाड मुळांचा असेल तर ते रोप सोडून द्या. ३० ते ६० सें.मी. उंचीचं तरुण रोप दोन मीटरच्या मोठ्या रोपापेक्षा लवकर रुजतं आणि काही वर्षांत त्याला गाठतंही. मोठं रोप घ्यावंच लागणार असेल तर पाण्याची जास्त काळ सोय हवी.

रोपवाटिकेतल्या सावलीतून थेट उन्हात रोप लावलं तर पानं भाजतात. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ ऊन वाढवत न्या आणि पाणी जरा ताणून द्या. रोप काटक होतं. लावण्याच्या आदल्या दिवशी मात्र पिशवी पूर्ण भिजवा.

खड्डा

खड्डा रुंद हवा, खोल नको. हुंडीच्या रुंदीच्या दोन ते तीन पट रुंद आणि हुंडीच्या उंचीएवढाच खोल. शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३० सें.मी. मातीत असतात आणि ती आडवी पसरतात. बाजूची माती भुसभुशीत असण्याचा रोपाला खरा फायदा होतो. खाली मऊ माती भरून वर रोप ठेवलं तर पहिल्या दोन पावसांत ती माती बसते आणि रोप तिच्याबरोबर खाली जातं. मान बरोबर ठेवूनही रोप खोल जातं, ते असं.

कठीण मुरुमात किंवा खाली टणक थर असेल तर ६० × ६० × ६० सें.मी.चा खड्डा घ्यावाच लागतो, आणि तळाला पहारीने थर फोडावा लागतो. अशा वेळी खड्डा आधीच, कोरड्या दिवसांत खणा. वरची काळसर माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना १५-१५ सें.मी.चे थर पायाने दाबत, पाणी घालत, हुंडीच्या तळापर्यंत भरा. तरीही माती बसेल हे धरून मान ३ ते ५ सें.मी. उंच ठेवा.

चिकण मातीत ओल्यात खणू नका. फावड्याने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळं त्यातून बाहेर पडत नाहीत आणि खड्ड्यातच गोल फिरतात. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होऊ द्या, आणि भिंती खुरप्याने खरवडून ओबडधोबड करा. चौकोनी खड्ड्याचे कोपरेही मुळांना बाहेर काढायला मदत करतात.

निचऱ्याची परीक्षा लागवडीआधी करावी. ३० सें.मी. खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या भरण्याची पातळी तासाभराने मोजा. तासाला २.५ सें.मी.पेक्षा कमी पाणी उतरत असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावू नका. २०-३० सें.मी. उंचीचा, मीटर-दीड मीटर रुंद उंचवटा करून त्यावर लावा.

आता भरायची माती. खड्डा भरभरून खत घालण्याची सवय फार पसरली आहे, पण तिने रोपाचं नुकसान होतं. चिकण जमिनीत असा खताने भरलेला खड्डा कुंडीसारखा वागतो: भोवतालचं पाणी त्यात उतरतं आणि तुंबतं, शिवाय मुळं त्या मऊ मातीबाहेर जातच नाहीत. खणलेलीच माती, ढेकळं फोडून, दगड काढून, परत घाला. जमीन फारच हलकी असेल तर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एकूण मातीच्या चौथ्या हिश्शाच्या आत मिसळा. कच्चं शेण नकोच. कुजताना ते तापतं, मुळं भाजतात आणि वाळवी येते. नत्राचं रासायनिक खतही लावताना नको, मुळं बसेपर्यंत ते घेणारं कोणी नसतं.

लावण्याचा दिवस

जमीन किमान वीत-दीड वीत खोल ओली झालेली असावी. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ चांगली. रोपं लावण्याच्या जागी सावलीत आणा आणि एका वेळी एकच हातात घ्या.

१. मान शोधा. खोड खाली येता येता किंचित रुंद होतं आणि जिथून पहिलं आडवं मूळ निघतं ती मान. पिशवीतल्या मातीचा पृष्ठभाग म्हणजे मान असं धरू नका. कित्येक रोपं पिशवीतच दोन-तीन सें.मी. खोल भरलेली असतात. वरची माती बोटाने उकरून पहिलं मूळ दिसेपर्यंत काढा.

२. खड्ड्याची खोली मोजा. काठी खड्ड्यावर आडवी ठेवा, हुंडी शेजारी धरून मानेपासून तळापर्यंतची उंची ताडून पाहा. कमी खणलं असेल तर खणता येतं. जास्त खणलं असेल तर माती टाकून पायाने नीट दाबा.

३. पिशवी पूर्ण काढा. ब्लेडने उभी चीर द्या, हुंडी तळव्यावर तोलून धरा आणि पिशवी सोलल्यासारखी काढा. खोडाला धरून ओढू नका, त्याने हुंडी फुटते आणि केसासारखी मुळं तुटतात. तळाशी फक्त भोकं पाडून पिशवीसकट लावणं तर मुळीच नको.

४. मुळं बघा. गोल फिरलेली असतील तर हुंडीच्या बाजूंना तीन-चार जागी वरपासून खालपर्यंत सें.मी.भर खोल उभे छेद द्या. तळाशी वेटोळं झालं असेल तर तो पातळ थर धारदार चाकूने कापून टाका. हे कठोर वाटतं, पण गोल फिरलेलं मूळ आपोआप सरळ होत नाही. पुढे ते जाड होत जाऊन खोडालाच फास लावतं, आणि वरवर निरोगी दिसणारं झाड वादळात मुळासकट आडवं होतं.

५. रोप मधोमध, सरळ ठेवा. एक जण लांबून दोन बाजूंनी पाहून सांगू शकला तर उत्तम. मान जमिनीच्या बरोबरीला किंवा बोटभर वर. कलमाचा जोड जमिनीपासून किमान १० सें.मी. वर राहिला पाहिजे. जोड गाडला गेला तर कलमाच्या वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि खुंटाचा (ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलं त्याचा) फायदा जातो.

६. निम्मी माती भरा आणि मुठीने किंवा पायाच्या चवड्याने हलकं दाबा. पाणी ओतून पोकळ्या बसू द्या, मग उरलेली माती भरा. टाचेने कुटू नका, माती दगडासारखी होते. मग शेंड्याजवळचं एखादं पान दोन बोटांत धरून अलगद वर ओढून पाहा. पान तुटेल, पण रोप जागचं हलता कामा नये. हललं तर मुळांभोवती हवा राहिली आहे.

७. हुंडीच्या माथ्यावर नवी माती टाकू नका. हुंडीच्या कडेच्या थोडं बाहेर ८-१० सें.मी. उंच गोल वरंबा करून आळं तयार करा आणि लगेच पाणी द्या, छोट्या रोपाला ८-१० लिटर, मीटरभराच्या रोपाला १५-२० लिटर, पण एकदम न ओतता जिरवत जिरवत.

पिशवीविना, उघड्या मुळांची रोपं पानं गळलेल्या विश्रांतीच्या काळातच लावावीत. त्यांची बारीक मुळं उन्हावाऱ्यात काही मिनिटांत सुकतात आणि सुकलेलं मूळ पाण्यात ठेवलं तरी जिवंत होत नाही. मुळं मातीच्या पातळ राड्यात बुडवा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि खड्डा तयार झाल्यावरच उघडा. तुटकी टोकं कात्रीने साफ कापा. खड्ड्याच्या मधोमध मातीची छोटी दाबलेली ढिगळी करून तिच्यावर मुळं चारी बाजूंना पसरा. लांब मूळ दुमडून कोंबण्यापेक्षा खड्डा तेवढा रुंद करा.

कुंपण आणि वाऱ्याचा आडोसा

झुडपांच्या कुंपणाला एकेका रोपाचे खड्डे खणण्यापेक्षा ४०-५० सें.मी. रुंद सलग चर सोपा पडतो. एकेरी ओळीत ३० ते ४५ सें.मी.वर एक रोप. दाट कुंपण हवं असेल तर दोन ओळी, त्यांच्यात ३०-४० सें.मी. आणि ओळीतल्या रोपांत ४५ सें.मी., दुसऱ्या ओळीची रोपं पहिलीच्या फटींसमोर. दहा मीटरच्या कुंपणाला एकेरी ओळीत ३० सें.मी.ने सुमारे ३३ आणि दुहेरीत साधारण ४५ रोपं लागतात. लावल्यावर रोपं रुजून वाढू लागली की शेंडे खुडा. जीव तुटतो, पण पहिल्या वर्षी खालून फांद्या फुटल्या नाहीत तर कुंपण पुढे गुडघ्याखाली कायम उघडं राहतं.

वाऱ्याचा आडोसा वाऱ्याच्या दिशेला आडवा लावतात. वाऱ्याकडून आधी झुडपं १ ते १.५ मीटरवर, मग मध्यम आणि त्यामागे उंच झाडं २ ते ३ मीटरवर, ओळींत २ ते ४ मीटर. आडोशाचा चांगला परिणाम झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे ८ मीटर उंचीला ८० मीटर. भिंतीसारखा गच्च आडोसा करू नका. वारा वरून उसळून पलीकडे भोवरे करतो. निम्म्याच्या आसपास हवा आरपार जाईल एवढी विरळ रचना वाऱ्याला खरी शांत करते.

पहिली दोन वर्षं

पाऊस नसेल तर पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्या, मग आठवड्यातून एकदा, पण भरपूर. रोज तांब्याभर पाणी दिलं की वरची दोन बोटं ओली होतात आणि मुळं वरच घोटाळतात. पिशवीतलं मिश्रण भुसभुशीत असल्यामुळे भोवतालच्या मातीपेक्षा लवकर सुकतं. त्यामुळे सुरुवातीला पाणी हुंडीवरच पडलं पाहिजे. तपासायला हुंडीत १०-१५ सें.मी. खोल बोट किंवा काडी घाला. माती मुठीत दाबून गोळा झाला तर पाण्याची घाई नाही. रोप फुटू लागलं की आळं दर काही महिन्यांनी बाहेरच्या बाजूला मोठं करत जा, म्हणजे मुळं पाण्यामागे बाहेर पडतील.

आच्छादन पालापाचोळा, वाळलेलं गवत किंवा लाकडाच्या चिपांचं, ५ ते १० सें.मी. जाड आणि मीटरभर व्यासाचं. खोडापासून हातभर नाही तरी ८-१० सें.मी. जागा मोकळी. खोडाला टेकवून ढीग केला तर साल सतत ओली राहून कुजते आणि तिथे उंदीर दडतात. या मीटरभराच्या वर्तुळात गवत वाढू देऊ नका. गवताची मुळं वरच्याच थरातलं पाणी ओढतात, नेमकं रोपाच्या वाट्याचं. खुरपणी दोन बोटांपेक्षा खोल नको.

आधाराची काठी प्रत्येक रोपाला लागत नाही. वाऱ्यात थोडं हलणाऱ्या खोडाचा बुंधा जाड होतो. काठी लावायची झाली तर ती हुंडीच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला ठोका, रोप तिला उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, मऊ पट्टीने, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा घालून सैल बांधा. वर्षभरात काढा. विसरलेली सुतळी सालीत रुतून वरचा भाग मारते.

बिघाड ओळखायचा कसा? दुपारी पानं मलूल आणि सकाळी ताजी, तर काळजी नाही. सकाळीही मलूल असतील तर आधी हुंडीची ओल बघा आणि मगच पाणी द्या, कारण मुळं कुजलेल्या रोपाची पानंही तशीच लोंबतात. तुंबलेल्या जागी मातीला आंबूस वास येतो. पानं पिवळी पडून वाढ थांबली असेल तर मानेजवळची माती उकरा. गाडली गेली असेल तर पहिल्या हंगामात रोप हुंडीसकट उचलून पुन्हा वर लावता येतं, नंतर फक्त भोवतालची माती मागे ओढता येते. रोप मेलंय असं वाटलं तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर वाट पाहा, बरीच रोपं मानेजवळून पुन्हा फुटतात.

मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या त्या पहिल्या वर्षातच, जास्तीत जास्त दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला. त्यासाठी लागवडीच्या वेळीच दहा टक्के रोपं जास्त घेऊन मोठ्या पिशवीत वाढवत ठेवा, म्हणजे नवं रोप शेजाऱ्यांच्या वयाचंच असेल. उशिरा लावलेलं रोप सावलीत सापडून कधीच वर येत नाही. जुन्या रोपाच्या जागी नवं लावताना जुनं का मेलं हे खणून बघा, आणि निचरा नसेल तर तिथे उंचवटा करा. मुद्दाम दाट लावलेल्या ओळींत फांद्या एकमेकींना भिडू लागल्या की कमकुवत, वाकडी आणि दुशेंडी झाडं आधी काढा, मग गरज असेल तर एकाआड एक. खोडं जमिनीलगत कापा, उपटू नका. उपटताना शेजारच्या राहणाऱ्या झाडाची मुळं तुटतात.